जठराच्या कॅन्सरची रोबोटिक शस्त्रक्रिया आणि शरीरातला दाह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, विटा, जत, आटपाडी या पट्ट्यातल्या पेशंटचं ऑपरेशन पुष्कळदा एका गावात, समजा पुण्यात, होतं आणि पुढची काळजी दुसऱ्या गावात. पाचव्या-सहाव्या दिवशी सुट्टी मिळते, हातात जाडजूड फाइल येते आणि त्यातला 'सीआरपी'चा (रक्तातून दाह मोजणाऱ्या चाचणीचा) आकडा बघून घरात एक तर घबराट उडते, नाहीतर खोटा धीर येतो. त्या आकड्यामागे काय चाललेलं असतं, रोबोटमुळे त्यात किती फरक पडतो आणि कुठे पडत नाही, ते इथे सांगितलं आहे. आपल्याकडे 'पोटाचा कॅन्सर' म्हणताना आतडं, यकृत, स्वादुपिंड सगळंच त्यात येतं. इथे बोलणं फक्त जठराचं आहे.

दाह म्हणजे इन्फेक्शन झालं असं समजायचं का?

नाही. दाह (इन्फ्लमेशन) म्हणजे इजेला शरीराने दिलेलं उत्तर. चाकू लागला, भाजलं, चिमटा बसला, तरी दाह होतो. जंतू असायलाच पाहिजेत असं नाही. ऑपरेशनमध्ये ज्या पेशी फुटतात त्यांच्यातून काही पदार्थ बाहेर सांडतात. आसपासच्या संरक्षक पेशी ते ओळखतात आणि रक्तात निरोप्या रसायनं सोडतात. त्यातलं मुख्य म्हणजे इंटरल्युकिन-६. पहिल्या काही तासांतच ते चढतं आणि साधारण दिवसभरात उतरणीला लागतं. ते यकृतापर्यंत पोहोचलं की यकृत सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच सीआरपी, तयार करायला घेतं. म्हणून सीआरपी नेहमी एक पाऊल मागे असतो. सहा ते बारा तासांनी चढायला लागतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठतो.

या नावातलं 'सी' कॅन्सरचं नाही. १९३० मध्ये न्यूमोनियाच्या पेशंटांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. न्यूमोकॉकस जंतूच्या 'सी' नावाच्या घटकाला ते चिकटत होतं, म्हणून हे नाव पडलं. सीआरपी वाढला म्हणजे कॅन्सर वाढला, हा समज डोक्यातून काढून टाका.

मग दाह कमी करायचाच कशाला? जखम भरायला तो लागतोच ना?

लागतो. दाह अजिबात झाला नाही तर टाके जुळणार नाहीत. त्रास होतो तो अतिरेकाचा. दाह बेताबाहेर गेला की साखर चढते, स्नायूंमधलं प्रथिन वितळून वापरलं जातं, बारीक रक्तवाहिन्या गळक्या होऊन अंगावर पाणी साचतं आणि आतड्याची हालचाल मंदावते. त्यातच लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी कमी होऊन प्रतिकारशक्ती काही दिवस झोपी जाते. कॅन्सरच्या पेशंटचं वजन आधीच उतरलेलं असतं. त्याला हा सगळा खर्च परवडत नाही.

रोबोट आपोआप कापतो का?

नाही. सर्जन त्याच खोलीत कन्सोलवर बसून बोटांनी चालवतो. टेबलाशी यंत्राचे चार हात असतात. एकावर कॅमेरा आणि तिघांवर हत्यारं. दा विंची यंत्राची भोकं साधारण ८ मिलिमीटरची असतात. सहाय्यकासाठी एक वेगळं भोक असतं. काढलेलं जठर बाहेर घ्यायला बहुधा बेंबीजवळ तीन-पाच सेंटिमीटरचा छेद द्यावाच लागतो. जठराची पहिली रोबोटिक शस्त्रक्रिया जपानमध्ये २००२ साली झाली. आता मंत्रा हे भारतात बनलेलं यंत्रही वापरात आहे.

भोकं तर दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्येही लहानच असतात. मग रोबोटने दाह कमी व्हायचं कारण काय?

हा प्रश्न फार नेमका आहे, आणि त्याचं उत्तर कातडीवर सापडत नाही, पोटाच्या आत सापडतं. खुल्या ऑपरेशनमध्ये पोटाची भिंत वीसेक सेंटिमीटर उघडली जाते, आतडी हाताळली जातात, हवा लागून कोरडी पडतात. दाहाचा मोठा हिस्सा त्यातूनच येतो. दुर्बीण आली तेव्हा तो हिस्सा एकदम उतरला. त्यामुळे खुल्यावरून दुर्बिणीवर येताना जेवढा फरक पडतो, तेवढा दुर्बिणीवरून रोबोटवर जाताना पडत नाही. रोबोटचा फायदा त्याच्या पुढचा आहे आणि तो मुख्यतः एका जागी मिळतो: स्वादुपिंडाच्या वरच्या कडेला.

जठराच्या कॅन्सरमध्ये जठर काढणं हे अर्धंच काम. 'डी-२' पद्धतीच्या ऑपरेशनात जठराला रक्त देणाऱ्या मोठ्या धमन्यांभोवतीच्या लसिका ग्रंथीही (लिम्फ नोड) काढायच्या असतात. त्यांना क्रमांक दिलेले आहेत: ७, ८अ, ९, ११प आणि १२अ. या सगळ्या स्वादुपिंडाच्या वरच्या काठाला बिलगून बसलेल्या. सरळ, न वाकणाऱ्या दुर्बिणीच्या हत्याराने तिथे पोहोचायचं तर सहाय्यकाला स्वादुपिंड खाली दाबून धरावं लागतं. लोण्यासारखा नाजूक अवयव, त्यावर बराच वेळ दाब. त्यात अल्ट्रासॉनिक (वेगवान कंपनांनी कापणाऱ्या) हत्याराचं पातं गरम. वापर थांबवल्यावरही ते काही सेकंद भाजण्याइतकं तापलेलं राहतं. एवढ्याने स्वादुपिंडाच्या पेशी फुटतात, पाचक रस झिरपतो, आणि तो रस आसपासचं मांस पचवू लागतो. दाह भडकायला एवढं पुरेसं असतं.

रोबोटचं हत्यार मनगटासारखं वळतं, हाताचा कंप गाळून टाकतं आणि एक हात जठर वर उचलून तासभर न हलता धरून ठेवतो. त्यामुळे स्वादुपिंडाला हात न लावता, फक्त भोवतालचे पडदे ताणून काम करता येतं. मात्र 'करता येतं' आणि 'केलं जातं' यांत अंतर आहे. बऱ्याच यंत्रांवर सर्जनला दाबाची जाणीव हाताला मिळत नाही, डोळ्यांनी अंदाज घ्यावा लागतो. नवख्या हातात हाच रोबोट स्वादुपिंड चेंगरू शकतो, आणि सर्जनला ते कळतही नाही. शिवाय रोबोटवरचं अल्ट्रासॉनिक हत्यार मनगटासारखं वळत नाही. म्हणून पुष्कळ सर्जन वळणारं बायपोलर (विजेवर चालणारं) हत्यार पसंत करतात.

हे फक्त तर्काने सांगता, की चाचण्या झाल्या आहेत?

झाल्या आहेत, आणि सगळ्यांचा सूर एक नाही.

चीनमधल्या फुजियान प्रांतात ३०० पेशंटांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केलेली चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. जठराचा खालचा भाग काढलेल्या या पेशंटांत रोबोट गटात गुंतागुंत ९.२ टक्के आणि दुर्बीण गटात १७.६ टक्के होती. दाहाचे आकडेही रोबोट गटात सौम्य राहिले. त्याच वर्षी जपानच्या २४१ पेशंटांच्या चाचणीचा निकाल आला. तिथे मुख्य प्रश्न होता पोटातल्या इन्फेक्शनचा, आणि त्यात लक्षणीय फरक दिसला नाही. पण उपचार करावे लागतील अशी एकूण गुंतागुंत मोजली तेव्हा रोबोटमध्ये ८.८ टक्के आणि दुर्बिणीत १९.७ टक्के निघाली. त्याआधी २०१६ मध्ये कोरियातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या तुलनेत (तिथे चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या) गुंतागुंत जवळजवळ सारखीच आली. वेळ मात्र रोबोटला सरासरी २२१ मिनिटं आणि दुर्बिणीला १७८ मिनिटं लागली, खर्चही जास्त झाला.

आमचा कौल असा: अनुभवी हातात रोबोटमुळे दाह थोडा कमी राहतो, विशेषतः स्वादुपिंडाजवळ अवघड काम असेल किंवा पेशंट जाड असेल तेव्हा. 'दाह होतच नाही' असं कुणी सांगितलं तर ती जाहिरात समजा. आणि एक लक्षात असू द्या. या चाचण्या जिथे झाल्या तिथले सर्जन या कामात मुरलेले होते.

ऑपरेशन लांबलं तर दाह वाढत नाही का?

वाढतो. भूल लांबते, पोटात कार्बन डायऑक्साइड जास्त वेळ राहतो (दाब साधारण पाऱ्याच्या १२ मिलिमीटरइतका), अंग थंड पडतं. यंत्र जोडायलाच पंधरा ते तीस मिनिटं जातात, पण त्या वेळात आत कापाकापी चालू नसते. म्हणून घड्याळातल्या प्रत्येक तासाचं वजन सारखं नसतं. चार तास रक्त न सांडता केलेलं काम हे तीन तासांच्या ओढाताणीपेक्षा शरीराला सोसतं. रक्तस्राव आणि रक्त चढवावं लागणं, ही दोन्ही दाहाला मिनिटांपेक्षा जास्त खतपाणी घालतात.

सीआरपी कुठल्या दिवशी किती असावा?

ऑपरेशनआधी ५ ते १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत असला तर उत्तम. गाठ मोठी असेल किंवा व्रण चिघळला असेल तर आधीच २०-३० असू शकतो, म्हणून आधीचा आकडा फाइलला हवाच. पहिल्या दिवशी पन्नास ते शंभर आला तरी दचकू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शंभरच्या वर जाणं नेहमीचं आहे. रोबोट किंवा दुर्बिणीनंतर शिखर बहुधा खुल्या ऑपरेशनपेक्षा ठेंगणं असतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी १५०च्या आसपास एक रेघ मनात आखून ठेवायची असते. त्या रेघेच्या खाली आणि उतरता आकडा असेल तर आत गळती (जोडातून किंवा स्वादुपिंडातून रस पोटात झिरपणं) असण्याची शक्यता बरीच कमी. रेघेच्या वर आकडा असेल तर गळती आहेच असं मात्र नाही. सीआरपी 'धोका नाही' हे सांगण्यात हुशार आहे, 'धोका आहे' हे सांगण्यात कच्चा. म्हणून वर गेलेल्या आकड्याचा अर्थ एवढाच, की आता नीट शोधा: छाती, पोट, लघवी, सलाइनची जागा.

आकड्यापेक्षा उतार महत्त्वाचा का, तेही सांगतो. सीआरपीचं अर्धायुष्य साधारण १९ तासांचं आहे. दाहाचा उगम थांबला तर तो रोज निम्म्याहून जास्त घटायला हवा. १६० चे दुसऱ्या दिवशी पासष्ट-सत्तर. प्रत्यक्षात यकृत एकदम थांबत नाही, त्यामुळे उतार जरा मंद असतो. पण १४० वरून १३५ आणि मग १४५, असं रेंगाळणं किंवा उतरलेला आकडा पुन्हा चढणं हे एकदाच आलेल्या १७० पेक्षा जास्त संशयास्पद. तिसऱ्या आणि पाचव्या दिवसाचे दोन आकडे शेजारी लिहून पाहिल्याशिवाय सुट्टी घेऊ नये.

गावातल्या लॅबने फक्त 'पॉझिटिव्ह' लिहून दिलं. काय करायचं?

तो कागद बाजूला ठेवा. काचेच्या पट्टीवर थेंब टाकून होणारी लॅटेक्स चाचणी साधारण ६ मिलिग्रॅमच्या वर गेलं की 'पॉझिटिव्ह' म्हणते. ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस जवळजवळ सगळ्यांचंच पॉझिटिव्ह येतं. काही ठिकाणी रक्त पातळ करत करत ६, १२, २४, ४८, ९६ अशी पायऱ्यांची उत्तरं देतात. त्यात ५० आणि ९० यांतला फरक कळत नाही. उलट सीआरपी फारच चढलेला असेल आणि रक्त पातळ न करताच थेंब टाकला, तर चाचणी चक्क 'निगेटिव्ह' येऊ शकते. हा प्रकार दुर्मिळ, पण घात करणारा आहे.

लॅबमध्ये 'सीआरपी क्वांटिटेटिव्ह, मशीनवर' असं सांगून मागा. 'एचएस-सीआरपी' नको. ती हृदयविकाराचा धोका पाहायची चाचणी आहे. आणि एकक तपासा. एक लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देते, दुसरी प्रति डेसिलिटरमध्ये. पुण्यातला ८० आणि घराजवळचा ८ हा एकच आकडा असू शकतो. घरचे म्हणतात दहापट उतरला, आणि उतरलेला काहीच नसतो. शक्यतो सगळे नमुने एकाच लॅबला द्या.

इंटरल्युकिन-६, प्रोकॅल्सिटोनिन वगैरे करून घ्यावं का?

इंटरल्युकिन-६ संशोधनात कामाचं. एरवी महाग, आणि पहिल्या दिवसानंतर फारसं बोलत नाही. प्रोकॅल्सिटोनिन (जंतुसंसर्गात रक्तात वाढणारा पदार्थ) ऑपरेशनने एक-दोन दिवस थोडं वाढतं आणि मग दर दिवशी निम्मं होतं. ते चढतच राहिलं तर जंतूंचा संशय बळावतो. सीआरपी रेंगाळत असेल तेव्हा डॉक्टरांनी मागितलं तर करावं, हौसेने नको.

पांढऱ्या पेशी पंधरा हजार आल्या!

पहिल्या दिवशी बारा-पंधरा हजार हे नेहमीचंच. उलट्या होऊ नयेत म्हणून भूलतज्ज्ञ डेक्सामेथासोनचं इंजेक्शन देतात, बहुधा ८ मिलिग्रॅम. ते पांढऱ्या पेशी आणि साखर वाढवतं आणि सीआरपी दाबतं. म्हणजे एकाच इंजेक्शनने एक आकडा वर आणि दुसरा खाली. ते दिलं होतं का, हे भुलेच्या कागदावर असतं.

अल्ब्युमिन ३.९ वरून २.८ वर आलं. अंडी वाढवावी का?

खाणं वाढवायचंच, पण पहिल्या दोन-तीन दिवसांतली ही घट उपासमारीची नसते. रक्तवाहिन्या गळक्या झाल्यामुळे अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, रक्तातून ऊतींमध्ये झिरपतं, आणि सलाइनने उरलेलं पातळ होतं. तीही दाहाचीच खूण. अल्ब्युमिनची बाटली चढवून कागदावरचा आकडा सुधारतो, पेशंट सुधारतो असं नाही. 'डॉक्टर, एक बाटली लावाच' असा हट्ट धरू नये. फेरिटिनचंही असंच आहे. दाहात ते फुगतं आणि लोह कमी असूनही भरपूर असल्याचा भास होतो.

दाह उतरत नसेल तर आत नेमकं काय बिघडलेलं असतं?

चार जागा धुंडाळतात.

पहिली, जोड. जठराचा खालचा भाग काढून उरलेलं जठर आतड्याला जोडलं असेल तर धोका कमी. पूर्ण जठर काढून अन्ननलिका आतड्याला जोडली असेल तर जास्त. अन्ननलिकेला बाहेरून मजबूत आवरण नसतं, आणि जोड छातीकडे खेचला जातो. जोडाची गळती बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात डोकं वर काढते. नाडी शंभराच्या वर राहणं ही तिची पहिली खूण, ताप नंतर येतो.

दुसरी, स्वादुपिंड. ड्रेनच्या, म्हणजे पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या, पिशवीतलं पाणी बघा. फिकट लालसर-पिवळं ठीक. द्राक्षाच्या जुन्या रसासारखं किंवा राखाडी, गढूळ झालं तर सांगा. तिसऱ्या दिवशी किंवा नंतर ड्रेनच्या पाण्यातलं अमायलेज (स्वादुपिंडाच्या पाचक रसातला घटक) रक्तातल्या कमाल मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल तर रस झिरपतो आहे. नुसता आकडा वाढला आणि पेशंट बरा असला तर ती फक्त जैवरासायनिक गळती. ताप, वाढता सीआरपी, पोट दुखणं सोबत आलं तर खरी फिश्चुला (रस झिरपायची वाट). ती आवरली नाही तर शेजारच्या क्लिप लावून बंद केलेल्या धमनीची भिंत खाल्ली जाऊन अचानक रक्तस्राव होऊ शकतो. ड्रेनमध्ये एकदम ताजं लाल रक्त दिसलं, थोडं असलं आणि थांबलं तरी, त्याला किरकोळ समजू नका.

तिसरी, ड्युओडेनमचं (लहान आतड्याच्या पहिल्या भागाचं) बंद केलेलं टोक. उजव्या कुशीत दुखतं, ड्रेनमध्ये हिरवं-पिवळं पित्त येतं. ही गळती उशिरा, आठवड्यानंतरही येते. पेशंट घरी असतो आणि इथेच गफलत होते.

चौथी, छाती. वरच्या पोटाला छेद असला की माणूस दीर्घ श्वास घ्यायला कचरतो, फुप्फुसाचा तळ मिटतो, कफ साठतो. रोबोटने दुखणं कमी होतं, तरी तीन छोट्या चेंडूंचं श्वासाचं यंत्र जागेपणी दर तासाला दहा वेळा ओढायचंच. फुंकायचं नाही, ओढायचं. अर्धे पेशंट उलटं करतात.

खांदा दुखतो तो मात्र पोटात राहिलेल्या वायूमुळे. दोन-तीन दिवसांत जातो.

घरी आल्यावर कधी घाबरायचं?

ताप १००.४च्या वर, नाडी विश्रांतीत १०० च्या वर, मिनिटाला २० पेक्षा जास्त श्वास, पोट फुगून गॅस बंद होणं, उजव्या कुशीत किंवा पाठीत नवं दुखणं, ड्रेनच्या पाण्याचा रंग बदलणं. यातलं एकही असलं तरी त्याच दिवशी फोन. दोन असली तर निघायचं. पॅरासिटामॉल घेण्याआधी ताप मोजून वहीत लिहा. गोळीनंतर मोजलेला ताप हा गोळीचा ताप.

सांगलीहून पुणे सुमारे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, चार-साडेचार तास, आणि खंबाटकी घाटात अडकलात तर त्याहून जास्त. जतकडून आणखी वर. म्हणून नाडी १२० च्या पुढे असेल, रक्त येत असेल किंवा पेशंट बावचळल्यासारखा बोलत असेल तर थेट पुण्याला निघू नका. १०८ ला फोन करा आणि आधी मिरज किंवा सांगलीतल्या सीटी स्कॅन आणि आयसीयू असलेल्या रुग्णालयात स्थिर करून घ्या. ते रुग्णालय कुठलं, हे ऑपरेशनआधीच ठरवा. रोबोटच्या पेशंटला सुट्टी लवकर मिळते हा फायदाच, पण दूरच्या गावाला तो उलटतो, कारण गळतीचे काही दिवस घरी येऊन पडतात. सातव्या-आठव्या दिवसापर्यंत रुग्णालयाजवळ नातेवाइकांकडे किंवा खोली घेऊन राहता आलं तर फार बरं.

आधी केमो झाली आहे. दाह वेगळा असतो का?

'फ्लॉट' नावाची केमो बहुधा चार वेळा आधी आणि चार वेळा नंतर, दर दोन आठवड्यांनी देतात. तिच्यानंतर पांढऱ्या पेशी मुळात कमी असू शकतात, म्हणजे आत गळती होऊनही पेशींची संख्या फारशी वाढत नाही. अशा पेशंटमध्ये सीआरपी आणि नाडीवर जास्त भिस्त ठेवायची. ग्रंथींभोवती केमोने घट्टपणा आलेला असतो, त्यामुळे कापणंही अवघड.

दाह कमी झाला म्हणजे कॅन्सर परत येणार नाही?

असं कुणी लिहून देणार नाही. ऑपरेशननंतर मोठं इन्फेक्शन झालेल्या पेशंटांचं पुढचं आयुष्य सरासरीने कमी भरतं, हे अनेक ठिकाणी दिसलं आहे. पण इन्फेक्शन हेच कारण, की मुळात अवघड गाठी असलेल्यांनाच ते जास्त होतं, हे पूर्ण सुटं करता येत नाही. एक दुवा मात्र सरळ आहे. गुंतागुंत झाली की पुढची केमो लांबते किंवा राहूनच जाते. सहा-आठ आठवड्यांत केमो सुरू व्हावी हे खरं उद्दिष्ट.

मधुमेह आहे.

दाहात शरीर इन्सुलिनला जुमानत नाही. घरी गोळ्यांवर साखर आटोक्यात असलेल्यालाही काही दिवस इन्सुलिन लागतं. 'सवय लागेल' म्हणून नको म्हणू नका. रुग्णालयात साखर १८० च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. ती अचानक हट्टीपणाने चढायला लागली तर तीही आतल्या दाहाची चाहूल असू शकते, नेहमी जेवणाचा दोष नसतो.

तंबाखू, मिश्री?

बंद. किमान चार आठवडे आधी. आज्जी मिश्री लावतात हे घरात कुणी 'तंबाखू' म्हणून मोजतच नाही आणि डॉक्टरांना सांगतही नाही. ती तंबाखूच आहे. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि जोडाला रक्त कमी पोहोचतं.

सांगलीची हळद दाह कमी करते म्हणतात. दुधातून रोज देऊ का?

आमटी-भाजीत पडते तेवढी पडू द्या. पण हळदीतलं करक्युमिन आतड्यातून फारच कमी शोषलं जातं, चमचाभर हळदीने सीआरपी हलत नाही. शोषण वाढवायला मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सूल मिळतात. त्या मात्र ऑपरेशनआधी दोन आठवडे बंद कराव्यात. रक्त गोठण्यावर त्यांचा परिणाम होऊ शकतो, आणि काही लोकांच्या यकृताला त्यांनी इजा केलेली आहे. ज्या मातीत राजापुरी हळद पिकते तिथे हे सांगणं जिवावर येतं, पण जखमेवर हळद भरू नका. आठ मिलिमीटरची भोकं कोरडी आणि स्वच्छ ठेवली की भरतात.

काय खायला द्यायचं?

किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिन. ५५ किलोच्या माणसाला ६६ ते ८२ ग्रॅम. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात, शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये पंचवीसेक. हे ऑपरेशनआधीच सुरू करावं, कारण नंतर जागाच नसते. नंतर दिवसाला सहा-आठ वेळा वाटीभर. मऊ भात-वरण, नाचणीची पेज, कुस्करलेली भाकरी ताकात नाही तर वरणात. पाणी जेवणासोबत नको, अर्ध्या तासाने. उसाचा रस, काकवी, मूठभर बेदाणे एकदम दिले तर साखर थेट आतड्यात पडते, धडधड होते, घाम फुटतो, जुलाब होतात. भेटायला येणाऱ्यांनी आणलेल्या बेदाण्याच्या पिशवीने हे हमखास होतं. खर्डा आणि ठेचा दोन महिने विसरा. पूर्ण जठर काढलं असेल तर बी-१२चं इंजेक्शन आयुष्यभर.

खर्चाचं काय?

हत्यारांमध्ये वापर मोजणारी चिप असते, ठराविक ऑपरेशनांनंतर हत्यार चालतच नाही. जास्तीच्या बिलाचं हे एक मोठं कारण. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये रोबोटिक शस्त्रक्रिया ज्या उपचारांना विम्यातून वगळता येणार नाही त्या यादीत घातली, पण कंपनी त्यावर वेगळी मर्यादा घालू शकते. पॉलिसीत ती ओळ शोधा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रोबोटचा खर्च त्यात बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून लेखी घ्या. पैसे जुळत नसतील तर अनुभवी हातांनी केलेलं दुर्बिणीचं ऑपरेशन हा दुय्यम पर्याय नाही. शेत विकून रोबोट करावा इतका फरक आजच्या पुराव्यांत दिसत नाही.

सर्जनला काय विचारावं?

जठराच्या किती शस्त्रक्रिया रोबोटवर केल्या (सगळ्या प्रकारच्या मिळून नव्हे, जठराच्या), किती वेळा मध्येच खुलं ऑपरेशन करावं लागलं, डी-२ करता का, तिसऱ्या दिवशी ड्रेनचं अमायलेज आणि सीआरपी नेहमी तपासता का, रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नावासकट आणि नंबरासकट घ्या.

फाइलमध्ये काय काय असायला हवं?

ऑपरेशनआधीचा सीआरपी, पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवसाचे आकडे एककासह, ड्रेनचं अमायलेज, ऑपरेशनची टिपणी, भुलेचा कागद आणि सुट्टीचं पत्र. या सगळ्यांचे फोटो मोबाइलमध्ये, आणि घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये. मिरजेत रात्री पेशंट पाहणाऱ्या डॉक्टरला आधीचा उतार दिसला तर आजचा ९० चढता की उतरता, हे तो लगेच सांगू शकतो.